दहा हजार सात निळे कप

ती. भाऊजी,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (वाकून केला असता, पण वाकल्यावर उठवायला माणूस लागतो आणि पत्र मी एकटाच लिहितो आहे.) तुमच्या गुडघ्याचं कसं काय? तुमचा उजवा गेला, माझा डावा. दोघांत मिळून एक माणूस धड चालू शकेल असं ताई म्हणते, आणि हिशेबाला ते बरोबर आहे. तिच्या खोकल्याला आराम पडला असेल. सोबतच्या खोक्यात तिच्यासाठी एक निळा कप पाठवला आहे. एकच का, आणि बशी कुठे, असं ती लगेच विचारील. तिला म्हणावं, पत्र आधी शेवटापर्यंत ऐकून घे.

चिरंजीव नव्या जागी कसे रुळले, ते भीडभाड न ठेवता कळव, असं तुम्ही लिहिलंत. भाऊजी, तुमच्या लग्नात तुमचा बूट हरवला तेव्हापासून मी तुमची भीड ठेवत आलो आहे, ती आज एकदम सोडायची म्हणजे कठीणच. पण पोराला आमच्या कपांच्या कारखान्यात लावायला तुम्ही मला सांगितलंत, मालकांकडे शब्द मी टाकला, तेव्हा पुढे जे झालं त्यात तुमचा नि माझा वाटा समसमान आहे. समसमान हा शब्द मी मुद्दाम वापरलेला नाही. गेले काही दिवस तो आपोआपच तोंडातून येतो. का ते पुढे येईलच.

चिरंजीव 'कार्यक्षमता सल्लागार' म्हणून आले. गळ्यात टाय, हातात भिंतीवर चित्रं पाडायचं यंत्र. आमच्याकडे टाय आजवर फक्त विम्याचा एजंट घालून येत असे, त्यामुळे पहिल्या दिवशी भट्टीवरची माणसं त्यांना पाहून लपून बसली. मला कारखान्यात मामा म्हणायचं नाही असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि ते 'पॅकिंगप्रमुख' म्हणू लागले. मी म्हटलं, हरकत नाही, बाळ. तेव्हा त्यांनी 'बाळ' हा शब्दही कार्यालयीन वेळेत बंद केला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दोन धोरणं काढली, आणि मालक त्यांवर इतके खूश झाले की ती काचेच्या चौकटीत बसवून गोदामाच्या भिंतीवर लावली. (त्या जागी पूर्वी आग विझवायची बादली टांगलेली असे. ती आता कुठे आहे ते आग लागल्यावर कळेल.)

पहिलं धोरण असं की गोल आकडा खोटा वाटतो. दहा हजार कप म्हटलं की ग्राहकाला वाटतं, यांनी अंदाजे सांगितलं. काहीतरी अडनिडा आकडा सांगितला की वाटतं, यांच्याकडे मोजतात. दुसरं धोरण 'समान पेटी'. प्रत्येक पेटीत अगदी सारखे कप, एकही पेटी अपुरी नको, एकही कप सुटा नको. अपुऱ्या पेटीला भिंतीवरच्या चित्रात 'अपयशाची पेटी' म्हटलं होतं आणि तिच्यावर रडका चेहरा काढला होता. आता सुटं सुटं पाहिलं तर दोन्ही धोरणांत वाईट काही नाही. दोन सवतीही सुट्या सुट्या भल्याच असतात.

तेवढ्यात आगबोटींवर खानावळी चालवणाऱ्या एका बड्या कंपनीची ऑर्डर आली, निळ्या कपांची. त्यांना हवे होते दहा हजाराच्या आसपास. चिरंजीवांनी धोरणाप्रमाणे करारात घातलं, दहा हजार सात. मालकांनी विचारलं, सातच का? चिरंजीव म्हणाले, सात प्रामाणिक वाटतो. सह्या झाल्या, निळा रंग होता तेवढा सगळा वापरून कप भाजले, आणि भट्टी आतून नव्याने बांधायला बंद केली. म्हणजे आता एक कप जास्त हवा म्हणाल तर भट्टी नाही, भट्टी झाली तर रंग नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण आमच्या कारखान्यात ते एकाच्याही लक्षात राहिलं नाही.

पॅकिंग आक्का करतात. आक्का म्हणजे आमच्या गोदामाच्या मुकादम. मी नोकरीला लागलो तेव्हा दोरीची गाठ कशी मारायची ते मला त्यांनीच शिकवलं. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालतं, आणि मोजणीत चुकल्याचं कोणी ऐकलेलं नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे बाराबाराच्या पेट्या भरल्या. शेवटी अकरा कप उरले. त्यांना वाटलं, एक कप कुठेतरी निसटला, म्हणून सगळं सोडून पुन्हा मोजलं. पुन्हा अकरा. मग दहादहाच्या केल्या, सात उरले. नऊनऊच्या केल्या, आठ उरले. चिरंजीव हातात पाटी घेऊन उभे, आणि दर वेळी एक रडका चेहरा काढताहेत. संध्याकाळी आक्का गवताच्या ढिगावर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, 'साहेब, माझ्याच हाताला काहीतरी झालंय बघा आता. वय झालं.' भाऊजी, मला फार वाईट वाटलं. ज्या बाईने आम्हा सगळ्यांना मोजायला शिकवलं तिने आपल्याच बोटांवर संशय घ्यावा, यासारखी वाईट गोष्ट मी त्या गोदामात पाहिली नाही, आणि तिथे मी छप्पर पडलेलं पाहिलं आहे.

मी घरी गेलो आणि पेन्सिल घेऊन बसलो. दोनाने भागून पाहिलं, तीनाने, साताने (चार उरतात), अकराने (आठ उरतात), तेराने (दहा उरतात), असं करत करत सत्त्याण्णवपर्यंत गेलो. काही ना काही उरतंच. पुढे जायची गरजच नाही. भाजक जोडीने राहतात, नवरा-बायकोसारखे. पंधराच्या घरी तीन आहे तर पाच आहेच. दहा हजार सातच्या घरी अशी जोडी असती तर दोघंही शंभराच्या बाहेर राहूच शकत नाहीत, कारण एकशे एक गुणिले एकशे एक म्हटलं की दहा हजार दोनशे एक होतात, आकड्याच्या भिंतीबाहेर. म्हणजे दोघांतलं एक तरी शंभराच्या आत सापडायलाच हवं. मी सगळ्या खोल्या पाहिल्या, कोणी नाही. हा आकडा ब्रह्मचारी आहे. शाळेत आपल्याला मूळ संख्या शिकवल्या होत्या ना, दोन, तीन, पाच, सात, त्यांतलाच हा, फक्त फार वाढलेला. याला एकाने भाग जातो, नाहीतर स्वतःने. तिसरं कोणी त्याला चालत नाही.

दुसऱ्या दिवशी हे मी चिरंजीवांना नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले, पॅकिंगप्रमुख, हा नकारात्मक विचार आहे. मी म्हटलं, विचार नकारात्मक असेल, बाकी मात्र धन आहे, ती काढून दाखवतो. त्यांनी मला 'जमणार नाही हा शब्द शब्दकोशातून काढा' अशी एक पाटी दिली आणि टेबलावर ठेवायला सांगितली. मग मी मालकांकडे गेलो. मालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ते ठीक आहे, पण आकडा भागला न जाण्याला जबाबदार कोण? मी म्हटलं, कोणी नाही, तो जन्मतःच तसा आहे. मालक म्हणाले, माझ्या कारखान्यात जन्मतः काही होत नाही, सगळं कोणाच्या तरी हलगर्जीपणामुळे होतं.

लगेच समिती नेमली. विक्रीप्रमुखांनी तोडगा काढला की करारात दोन कप वाढवून घेऊ, दहा हजार नऊ करू, म्हणजे आकडा अडनिडाही राहील आणि हा अपशकुनीही टळेल. (कप आणायचे कुठून हा प्रश्न समितीच्या कक्षेत नव्हता.) टाळ्या झाल्या, चहा झाला. मी कोपऱ्यात बसून पेन्सिल चालवत होतो. भाऊजी, दहा हजार नऊही तसाच! पुस्तकात अशा दोन-दोनाच्या अंतरावरच्या मूळ संख्यांना जोडमूळ म्हणतात. एका हट्टी माणसाला कंटाळून शेजारचं दार ठोठावावं आणि आतून त्याचा जुळा भाऊ बाहेर यावा, असं झालं. मी तसं सांगितल्यावर समितीने इतिवृत्तात लिहिलं, 'पॅकिंगप्रमुखांनी आणखी एक आकडा नादुरुस्त केला.'

मग चिरंजीवांनी स्वतः गणिताचं पुस्तक आणवलं, वाचलं, आणि सोमवारी सकाळी चेहरा उजळून आले. म्हणाले, मूळ संख्येला दोन भाजक असतात, एक आणि ती स्वतः, म्हणजे आपल्याकडे एक सोडून दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग: एकच पेटी, आत दहा हजार सात कप. सर्व पेट्या समान, कारण पेटीच एक. मालकांना हे इतकं पटलं की त्यांनी डोळे पुसले. सुताराला बोलावलं. त्याने गोदामाच्या मधोमध आमच्या जुन्या बिऱ्हाडाएवढी पेटी उभी केली. शिडी लावून आक्का आत उतरल्या, वरून आम्ही टोपल्यांनी कप सोडतोय, त्या गवतात रचताहेत. रचत रचत स्वतः वर येत गेल्या, विहिरीला पाणी चढावं तशा. शेवटचा कप ठेवून झाकण ठोकलं. मालकांनी पेटीपुढे भाषण केलं. मग पेटी दाराशी ढकलत नेली, आणि तिथे असं दिसून आलं की पेटी दारापेक्षा हातभर रुंद आहे.

सगळे सुताराकडे बघू लागले. तो म्हणाला, मला पेटी सांगितली होती, दार नाही. विक्रीप्रमुखांनी भिंत पाडायची सूचना केली. उंटावरचा शहाणा हा आमच्याकडे कायम नोकरीला असतो, त्याला फक्त उंट द्यावा लागत नाही. भिंतीवर धोरणं लावलेली असल्यामुळे ती वाचली. आक्कांनी मग सगळे कप पुन्हा बाहेर काढले, आणि ऐका, एकसुद्धा फुटला नाही. खरं तर त्या वेळी माझ्या मनात पाप आलं होतं की एखादा फुटला तर बरं, आकडा तरी बदलेल. पण नुसता एक फुटून दहा हजार सहा झाले असते. ते दोनाने भागतात, आणि मग जे पाच हजार तीन होतात ते पुन्हा तसेच आडमुठे. म्हणजे अर्ध्या बिऱ्हाडाएवढ्या दोन पेट्या. आगीतून फुफाट्यात.

राहिला दुसरा मार्ग: दहा हजार सात पेट्या, प्रत्येकीत एक कप. चिरंजीवांनी खोकीवाल्याला ऑर्डर दिली. खोकीवाला उलट निरोप पाठवतो की आम्ही खोकी पन्नासाच्या गठ्ठ्यात देतो, गठ्ठा फोडत नाही. आमच्याकडेही नवीन सल्लागार आला आहे, असंही त्याने खाली लिहिलं होतं.

आता समितीला अहवाल देणं भाग होतं. अहवालात लिहिलं की मोजणीतील सातत्यपूर्ण दोषामुळे आकडा विभागला जात नाही आणि त्याला मुकादम जबाबदार आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी, पण इथे चोरही नव्हता. शनिवारी मालकांसमक्ष पंधरापंधराच्या पेट्या भरायच्या. पंधराचा आकडा चिरंजीवांनी सुचवला. एकही कप सुटा राहिला तर आक्कांना त्याच दिवशी घरी पाठवायचं. अहवालावर चिरंजीवांची सही शनिवारनंतर व्हायची होती. मी त्यांना एकटं गाठून म्हटलं, बाळ (कार्यालयीन वेळ संपली होती), आकडा चुकीचा घातला असं मालकांना सांगून टाक, पुढच्या वेळी बाराने जाणारा घालू. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, धोरण बदललं तर धोरण चुकलं होतं असा अर्थ होतो. मग टायची गाठ सारखी करत राहिले. भाऊजी, तेव्हा मला त्यांचा राग आला होता. तुमचाही आला. आणि शब्द मी टाकला होता म्हणून स्वतःचा सगळ्यांत जास्त.

शनिवार उजाडला. मालक खुर्चीवर, समिती बाकावर, चिरंजीव कोट घालून कोपऱ्यात. (पत्र्याच्या छपराखालचं गोदाम, अंगाची लाही होतेय, आणि हे कोट काढायला तयार नाहीत.) आक्का पेट्या भरत होत्या. आवाज फक्त गवताचा. पंधरा, दोरी, गाठ. पंधरा, दोरी, गाठ. पंधराने भागलं तर दोन कप उरतात हे मला पाठ होतं, त्यामुळे ढीग जसा कमी होत गेला तसा मी पुढे पुढे सरकत गेलो. शेवटची पेटी आली. आक्कांनी एकेक कप ठेवत मोजलं, बारा, तेरा, चौदा, पंधरा, आणि मागे हात नेला तर फळीवर काही नव्हतं. त्यांनी फळीवरून दोनदा हात फिरवला. मग खाली बसल्या आणि पदराने तोंड झाकून हसायला लागल्या, रडल्यासारख्या. 'बघा,' म्हणाल्या, 'माझी मोजणी चुकत नाही. सांगत होते मी.' मालकांनी चिरंजीवांचा हात हातात घेतला आणि जाहीर केलं की सकारात्मक विचारापुढे आकडाही नमतो. अहवाल फाडला. चिरंजीवांना सरव्यवस्थापक केलं. म्हणजे ते आता माझे रीतसर वरिष्ठ आहेत, आणि तुम्ही विचारलं होतंत त्याचं उत्तर असं की पोराचं फार छान चाललं आहे, काळजी नसावी.

ताईला नमस्कार. जिने उतरताना कठड्याला धरत जा.

तुमचा, धाकटेपणाचा हक्क बजावून थकलेला,
मेहुणा

ता. क. – चमत्कारावर तुमचा विश्वास नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी मी एक कप माझ्या जेवणाच्या डब्यात घालून घरी नेला. दोन न्यायचे ठरवले होते. दोन गेले की दहा हजार पाच राहतात, आणि ते पंधराने चोख भागतात. पण डब्यात दुसरा मावेना, पिशवी पहारेकरी तपासतो, आणि मला या कामाची सवय नाही. ताईचा कप तो हा. ग्राहकाची फसवणूक नको म्हणाल, तर वाटेत फुटणाऱ्या मालाची सूट करारातच आहे. हा जरा लवकर फुटला असं समजावं. पण एकच नेल्यामुळे शनिवारी एक कप उरायला हवा होता. तो का उरला नाही, याचा विचार करत मी त्या दिवशी घरी आलो.

ता. क. २ – चिरंजीव पुढच्या आठवड्यात रजेवर घरी येताहेत. त्यांच्या बॅगेत मोज्यांमध्ये गुंडाळलेला एक निळा कप असेल. शनिवारी ते माझ्याकडे आले, कोटाच्या आतल्या खिशातून तो काढून टेबलावर ठेवला आणि खाली बघत म्हणाले, 'शुक्रवारी मी रॅकच्या मागे होतो, मामा. तुम्ही एकच नेलात. एकाने भागत नाही.' 'मामा' म्हणाले ते मला, भाऊजी. मी चहा टाकला. तेव्हा वर तुमच्या पोराबद्दल जे जे लिहिलं आहे ते ताईला वाचून दाखवताना हळूहळू दाखवा, म्हणजे इथपर्यंत पोचेस्तोवर ती फार चिडणार नाही. दोन्ही कप एकाच फळीवर ठेवा, आणि तो आल्यावर आपल्याला काही माहीत आहे असं दाखवू नका.

ता. क. ३ – पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. आगबोटवाले खूश होऊन नवी ऑर्डर देऊन गेले. धोरण अजून भिंतीवर आहेच, त्यामुळे चिरंजीवांनी करारात घातलं: वीस हजार अकरा. मी पेन्सिल चालवली. हाही ब्रह्मचारी. पेट्या पंधराच्याच ठरल्या आहेत, आणि मालक पुन्हा खुर्ची टाकून बसणार आहेत. पण या वेळी एकच कप जायला हवा. वीस हजार दहा पंधराने नेमके जातात. आता वरिष्ठाला 'या खेपेची चोरी माझ्याकडे, आपण तसदी घेऊ नये' हे कोणत्या नमुन्यात कळवतात ते मला माहीत नाही, आणि तोंडी सांगायला गेलो तर तो विषय बदलतो. तेव्हा घरी आला की जेवताना सहज, बाप म्हणून, आणि अर्थ आपल्याला कळला नाही असं दाखवून, एवढा निरोप त्याच्या कानावर घाला की या खेपेला पाळी मामाची. दोघांनाही माया आली, तर आक्कांची नोकरी जाईल.